एकटं औषध : एझेडटीचा इतिहास आणि पुराव्याचा प्रश्न

आजचा विषय औषधाचा आणि बोलणारे आम्ही तत्त्वज्ञानाचे. त्यामुळे एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. कुणी काय घ्यावं, काय थांबवावं याचा सल्ला इथे मिळणार नाही. तो आपापल्या डॉक्टरांकडून घ्यायचा. आम्हाला रस आहे तो एका साध्या दिसणाऱ्या वाक्यात. 'हे औषध लागू पडतं.' हे वाक्य आपण घरात कितीदा तरी बोलतो. खोकल्याच्या काढ्याबद्दल बोलतो, आणि जन्मभराच्या गोळ्यांबद्दलही बोलतो. पण कुणाला लागू पडतं? किती दिवस? कशाच्या सोबतीनं? हे प्रश्न गाळून ते वाक्य बोललं की काय होतं, हे पाहायचं असेल तर एचआयव्हीवरच्या पहिल्या औषधाइतकं बोलकं उदाहरण आमच्या माहितीत दुसरं नाही. त्याचं नाव झिडोव्ह्युडीन. जग त्याला एझेडटी म्हणून ओळखतं.

आधी दोन आकडे लक्षात ठेवा. एकोणीस आणि एक.

१९८६ साली अमेरिकेत बारा ठिकाणी एक चाचणी चालू होती. एकूण २८२ रुग्ण. सगळे एड्सनं किंवा त्याच्या अगदी उंबरठ्यावरच्या आजारानं खंगलेले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत विभागणी केली होती. १४५ जणांना एझेडटी आणि १३७ जणांना प्लासिबो, म्हणजे हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली कॅप्सूल. कोण कुठल्या गटात हे रुग्णाला ठाऊक नाही, डॉक्टरलाही ठाऊक नाही. चाचणी २४ आठवडे चालायची होती. पण मध्येच, सप्टेंबरमध्ये, देखरेख करणाऱ्या स्वतंत्र मंडळानं गुपित उघडून मृत्यू मोजले. प्लासिबो गटात १९. एझेडटी गटात १. चाचणी तिथेच थांबवण्यात आली आणि उरलेल्या सगळ्यांना औषध देऊ करण्यात आलं.

या आकड्यांचं वजन आज आपल्याला जाणवणार नाही. त्यासाठी पाच वर्षं मागं जावं लागेल. जून १९८१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांची छोटी नोंद आली. धडधाकट वयाची माणसं, आणि झालेला न्यूमोनिया मात्र प्रतिकारशक्ती पार ढासळलेल्या माणसाला होणारा. दोन वर्षांनी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाज बारे-सिनुसी आणि ल्युक माँताग्निए यांच्या चमूनं विषाणू वेगळा केला. १९८४ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्या कामानंतर तोच या रोगाचं कारण आहे हे बहुतेकांनी मान्य केलं. १९८६ मध्ये आपल्याकडे तेव्हाच्या मद्रासला डॉ. सुनीती सॉलोमन आणि सेल्लप्पन निर्मला यांनी भारतातले पहिले संसर्ग शोधून काढले. कारण कळलं होतं, रक्ताची तपासणी आली होती. उपाय मात्र शून्य. निदान म्हणजे थेट तारीखच, असं त्या काळी लोक समजत आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही ठरत असे. अशा वेळी कुणीतरी येऊन सांगतं की त्या गटात एकोणीस गेले आणि या गटात एक. हे ऐकून कोण शांत बसेल?

हे औषध मुळात एड्ससाठी बनलेलंच नव्हतं. १९६४ मध्ये डेट्रॉइटच्या जेरोम हॉर्विट्झ यांनी ते कर्करोगासाठी बनवलं. उंदरांच्या रक्ताच्या कर्करोगावर त्याचा काही उपयोग होईना, तेव्हा त्यांनी ते बाजूला ठेवून दिलं. पेटंटसुद्धा घेतलं नाही. १९७४ मध्ये जर्मनीत वोल्फराम ओस्टरटाग यांनी दाखवलं की उंदरांच्या एका विषाणूवर ते चालतं; तो विषाणू एचआयव्हीच्याच जातकुळीतला, म्हणजे रेट्रोव्हायरस. पण त्या काळी माणसाला रोग देणारा रेट्रोव्हायरस कुणालाच माहीत नव्हता, म्हणून त्या शोधाला विचारणारं कुणी नव्हतं. उत्तर आधी सापडलं, प्रश्न दहा वर्षांनी आला. ज्ञानाच्या इतिहासात हे आपण समजतो त्यापेक्षा अधिक वेळा घडतं. १९८४ च्या अखेरीस बरोज वेलकम या कंपनीनं जुनी रसायनं पुन्हा तपासायला काढली, त्यांतली काही अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडे पाठवली, आणि तिथे १९८५ च्या फेब्रुवारीत हिरोआकी मित्सुया यांना परीक्षानळीत दिसलं की एका रसायनामुळे विषाणूग्रस्त पेशी तग धरून आहेत. त्याच जुलैत सॅम्युएल ब्रोडर आणि रॉबर्ट यार्कोअन यांच्या देखरेखीखाली पहिल्या रुग्णाला औषध दिलं गेलं. वीस वर्षं पडून राहिलेल्या रसायनाला शीशीतून माणसाच्या शिरेत पोचायला सहा महिनेही लागले नाहीत.

ते चालतं कसं, हे थोडक्यात सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच निघतो. एचआयव्हीचा मजकूर आरएनएमध्ये लिहिलेला असतो. आपल्या पेशीत घर करायचं तर त्याला तो डीएनएत उतरवावा लागतो, आणि हे काम रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नावाचं एन्झाइम करतं. हे एन्झाइम एकामागून एक अक्षरं जोडत जातं, जशी रेल्वेच्या यार्डात एकेक डबा जोडून गाडी तयार होते. एझेडटी हा थायमिडीन या अक्षरासारखाच दिसणारा डबा आहे. फरक एवढाच की त्याला एका बाजूला कपलिंग आहे, दुसऱ्या बाजूला नाही. तो गाडीला जोडला जातो, पण त्याला पुढचा डबा लागत नाही. गाडी तिथेच अडकते.

आता एन्झाइमचा स्वभाव बघा. हे नक्कल करणारं कारकुनी काम ते फार गलथानपणे करतं. मजकूर सुमारे दहा हजार अक्षरांचा, आणि चुका भरपूर. शिवाय शरीरात दर दिवशी अब्जावधी नवे विषाणू तयार होतात. हे १९९५-९६ मध्ये डेव्हिड हो, जॉर्ज शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणितानं दाखवून दिलं. या दोन गोष्टींचा गुणाकार केला की लक्षात येतं, एका अक्षराची जी जी चूक शक्य आहे ती ती रोज कुठेतरी होतच असणार. त्यातली एखादी चूक अशी निघते की एन्झाइमला तो खोटा डबा ओळखता येतो किंवा जोडलेला काढून टाकता येतो. औषध असताना तेवढेच विषाणू वाढतात, आणि काही महिन्यांत सगळी वस्ती त्यांचीच होते. १९८९ मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकन संशोधकांनी नेमकं हेच दाखवलं : सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ एझेडटी घेतलेल्या रुग्णांच्या विषाणूवर एझेडटीचा जोर कमी झाला होता.

आणि चाचणी थांबली होती २४ आठवडेही पुरे व्हायच्या आत.

इथे आम्ही जरा आमच्या शास्त्राकडे वळतो, राग मानू नका. न्यायशास्त्रात उपाधी नावाची एक कल्पना आहे. आपण जिला बी.ए., एम.ए. म्हणतो ती पदवी नव्हे. धुरावरून अग्नीचं अनुमान करता येतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण उलट करता येतं का? अग्नी आहे म्हणून धूर असणारच का? नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. मग चुलीत धूर का होतो? कारण लाकडं ओली आहेत. ओलं इंधन ही उपाधी, म्हणजे न बोललेली अट. ज्यानं आयुष्यभर ओल्या लाकडांचीच चूल पाहिली, त्याला अग्नी आणि धूर कधी वेगळे दिसलेच नाहीत. तो प्रामाणिकपणे म्हणेल, जिथे अग्नी तिथे धूर. त्याचं निरीक्षण खरं आहे. त्यानं काढलेला नियम खोटा आहे.

१९८६ च्या निरीक्षणात ओलं इंधन काय होतं? रुग्ण अगदी शेवटच्या टप्प्यातले होते. कालावधी काही महिन्यांचा होता. आणि औषध एकटं होतं. या तीन अटींमध्ये 'एझेडटीनं मरण टळतं' हे वाक्य अगदी खरं होतं. लोकांनी मात्र अटी सोडून वाक्य उचललं.

चाचणी थांबवली हे चूक झालं का? हा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांमध्ये नेहमी वाद घडवी. एक बाजू म्हणे, पूर्ण २४ आठवडे चालू दिली असती तर जास्त कळलं असतं. आम्ही विचारतो, कुणाच्या जिवावर? त्या १३७ जणांपैकी जे जिवंत होते त्यांना 'ज्ञानासाठी अजून थोडे दिवस थांबा' असं सांगायचा अधिकार कुणाकडेच नव्हता. आणि खरं सांगायचं तर ते थांबलेही नसते. आपल्याला खरं औषध मिळतंय की खोटं, हे कळावं म्हणून रुग्ण कॅप्सूल फोडून चव घेत असत, काही जण आपल्या गोळ्या दुसऱ्यांबरोबर वाटून घेत. मरणाऱ्या माणसाला प्रयोगाचे नियम पाळायला सांगणं सोपं नसतं. थांबवणं बरोबरच होतं. पण थांबवण्याची किंमत ही होती की पुढे काय होतं हे त्या चाचणीतून कधीच कळणार नव्हतं, आणि ती किंमत मोठ्यानं सांगणाऱ्यांचा आवाज बारीक होता. जानेवारी १९८७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीनं मंजुरीच्या बाजूनं कौल दिला, तेव्हा समितीच्या अध्यक्षांचं, इत्झाक ब्रूक यांचं मत विरोधात होतं. त्यांची शंका हीच : इतक्या कमी काळाच्या माहितीवर आपण काय ठरवतो आहोत? १९ मार्च १९८७ रोजी औषधाला परवानगी मिळाली.

किमतीबद्दल थोडंच बोलतो. वर्षाचा खर्च आठ ते दहा हजार डॉलर. मूळ संशोधन सरकारी पैशातून, आणि विकणारी कंपनी खासगी. त्याच मार्चमध्ये न्यूयॉर्कमध्ये ॲक्ट अप ही संघटना उभी राहिली आणि तिनं पहिलं आंदोलन केलं ते वॉल स्ट्रीटवर. १९८९ च्या सप्टेंबरमध्ये तिचे काही कार्यकर्ते शेअर बाजारात शिरले, सज्जाला स्वतःला साखळ्यांनी बांधून घेतलं. काही दिवसांतच कंपनीनं भाव वीस टक्क्यांनी उतरवला. रुग्ण हा केवळ उपचार घेणारा नसून उपचाराच्या शास्त्राबद्दल बोलू शकणारा माणूस आहे, ही गोष्ट या लोकांनी वैद्यकशास्त्राला ऐकायला लावली. पुढे चाचण्यांचे आराखडे ठरवणाऱ्या समित्यांवर ते बसले. हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

आता खरा पेच. औषध इतकं गुणकारी, तर शेवटच्या टप्प्याची वाट का पाहायची? आधीच द्यावं. शहाणपणाचं वाटतं ना? १९८९ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत लक्षणं नसलेल्या, पण सीडी४ पेशी पाचशेच्या खाली गेलेल्या १३३८ जणांवर हे करून पाहिलं. साधारण वर्षभरानंतर आजार पुढे सरकण्याचं प्रमाण औषध घेणाऱ्यांत कमी दिसलं. ही चाचणीही लवकर थांबवली. निरोगी वाटणारी हजारो माणसं दिवसातून पाच-सहा वेळा कॅप्सूल घेऊ लागली. रात्री झोपेतून उठून घेणारे होते, खिशात वेळ झाली की वाजणारा गजर ठेवणारे होते.

ब्रिटन, आयर्लंड आणि फ्रान्समधले संशोधक मात्र आपली चाचणी चालूच ठेवून बसले. तिचं नाव काँकॉर्ड. १७४९ माणसं, सगळी लक्षणं नसलेली. निम्म्यांना लगेच औषध, निम्म्यांना गरज पडेल तेव्हा. तीन वर्षं. त्यांच्यावर त्या काळात खूप टीका झाली, की हाताशी औषध असताना तुम्ही लोकांना ताटकळत ठेवता. १९९३ मध्ये प्राथमिक निष्कर्ष आले, पुढच्या वर्षी सविस्तर. तीन वर्षांनंतर जिवंत असण्याचं प्रमाण लगेच औषध घेतलेल्यांत ९२ टक्के, थांबून घेतलेल्यांत ९४ टक्के. म्हणजे लवकर सुरू करण्याचा काही फायदा नाही. गंमत अशी की सीडी४ पेशींचा आकडा औषध घेणाऱ्यांत सतत चांगलाच होता. कागदावरचा आकडा सुधारत होता, आयुष्य वाढत नव्हतं. मधुमेहापासून परीक्षेच्या गुणांपर्यंत आपण ज्या ज्या मोजमापांना खऱ्या गोष्टीच्या जागी बसवतो, त्या प्रत्येकाच्या बाबतीत काँकॉर्डचा हा तक्ता समोर धरावा असं आम्हाला वाटतं.

आणि हा धडा नवा नव्हता, हे अधिक खेदाचं. चाळीस वर्षं आधी क्षयरोगाच्या बाबतीत तो शिकून झाला होता. ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेनं १९४७ च्या सुमारास स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी घेतली. यदृच्छेनं गट पाडून केलेल्या चाचण्यांची ती आद्य मानली जाते. सहा महिन्यांनी औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ दगावले होते, केवळ विश्रांती मिळालेल्या ५२ पैकी १४. केवढा फरक! पाच वर्षांनी पुन्हा मोजलं. ५५ पैकी ३२ गेलेले, आणि ५२ पैकी ३५. फरक जवळजवळ वितळला, कारण जंतू औषधाला सरावले. उपाय काय निघाला? स्ट्रेप्टोमायसिनबरोबर दुसरं औषध, पीएएस, द्यायचं. दोन्हींना एकाच वेळी चुकवणं जंतूला जमत नाही. ज्यांच्या घरात कुणी क्षयाच्या गोळ्या घेतल्या असतील त्यांना ठाऊक आहे, आजही त्या तीन-चार प्रकारच्या एकत्र असतात. औषधाला एकटं पाठवायचं नाही, हे क्षयाच्या डॉक्टरांना माहीत होतं. विषाणूच्या डॉक्टरांकडे त्या वेळी सोबतीला पाठवायला दुसरं औषधच नव्हतं, हेही न्यायानं सांगितलं पाहिजे.

एक चिठ्ठी आली आहे. 'सर, मग एझेडटी विषारी होतं असं जे म्हणतात ते खरं की खोटं?' चांगला प्रश्न. खरं आहे, आणि त्या खऱ्यावरच पुढचा अनर्थ उभा राहिला. पहिल्या चाचणीतच दिसलं होतं की औषध अस्थिमज्जेवर आघात करतं, रक्त कमी होतं. एझेडटी घेणाऱ्यांपैकी २१ टक्क्यांना वारंवार रक्त चढवावं लागलं, प्लासिबो घेणाऱ्यांपैकी ४ टक्क्यांना. तेव्हाचा डोसही फार जबर होता, पुढे तो निम्म्याहून कमी झाला. काँकॉर्डनंतर लोकांचा जो भ्रमनिरास झाला त्यातून एक नवं वाक्य जन्माला आलं : 'एझेडटी लागू पडत नाही, ते विष आहे.' काहींनी तर याहून पुढे जाऊन म्हटलं की एड्स विषाणूनं होतच नाही, औषधानं होतो. पाहा, पहिल्या वाक्यातही अट गाळली होती, याही वाक्यात गाळली. डोस किती, कुठल्या टप्प्यावर, किती दिवस, सोबत कोण, काहीच नाही.

आणि त्याच काळात दोन गोष्टी घडल्या, ज्यांनी ही दोन्ही वाक्यं मोडीत काढायला हवी होती. १९९४ मध्ये अमेरिका आणि फ्रान्समधल्या चाचणीत गरोदर स्त्रियांना आणि नवजात बाळांना एझेडटी दिलं. बाळांमधला संसर्ग २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आला. इथे गरज थोड्या काळापुरतीच होती, म्हणून एकटं औषधही पुरलं. दुसरी गोष्ट, १९९५ मध्ये युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या मोठ्या चाचण्यांनी दाखवलं की दोन औषधं एकत्र दिली तर एकट्या एझेडटीपेक्षा माणसं जास्त जगतात. मग १९९५ च्या डिसेंबरपासून १९९६ च्या मार्चपर्यंत प्रोटिएज इन्हिबिटर या नव्या वर्गातली तीन औषधं आली. इंडिनाव्हिर, एझेडटी आणि लॅमिव्ह्युडीन या तिघांचा एकत्र प्रयोग झाला, तोही आधी एझेडटी घेऊन चुकलेल्या रुग्णांवर. २४ आठवड्यांनी तिन्ही औषधं घेणाऱ्या दहातल्या नऊ जणांच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही उरला नव्हता. अमेरिकेत एचआयव्हीमुळे होणाऱ्या मृत्यूंचा दर १९९६ ते १९९७ या एका वर्षात ४७ टक्क्यांनी घसरला. जो एझेडटी काँकॉर्डनं निकालात काढला असं लोक म्हणत होते, तो या त्रिकुटात होताच. शिवाय लॅमिव्ह्युडीनला चुकवायला विषाणू जो बदल करतो, त्या बदलामुळे तो पुन्हा एझेडटीच्या तडाख्यात सापडतो. एका दारानं पळायला गेला की दुसऱ्या दाराशी पकडला जातो.

हे सगळं कळून चुकल्यानंतर, ऑक्टोबर १९९९ मध्ये, दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष थाबो एम्बेकी यांनी संसदेच्या सभागृहात सांगितलं की एझेडटीच्या विषारीपणाबद्दल गंभीर शंका आहेत. वर्णद्वेषाशी लढलेला, वाचनाचा व्यासंग असलेला माणूस. श्रीमंत देशांच्या कंपन्यांवर अविश्वास ठेवायला त्यांच्याकडे कारणं नव्हती असं आम्ही म्हणणार नाही. पण सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांना औषध देणं त्यांच्या सरकारनं वर्षानुवर्षं लांबवलं. ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन ही रुग्णांची संघटना कोर्टात गेली, आणि जुलै २००२ मध्ये घटनात्मक न्यायालयानं सरकारला नेव्हिरापिन द्यायला भाग पाडलं. हार्वर्डच्या संशोधकांनी नंतर हिशेब मांडला : २००० ते २००५ या काळात या धोरणामुळे तीन लाख तीस हजारांहून अधिक माणसं वाचवता आली असती ती गेली, आणि ३५ हजार बाळं संसर्ग घेऊन जन्माला आली. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही हेत्वाभास शिकवतो तेव्हा मुलं जांभया देतात. हेत्वाभासानं माणसं मरतात, हे त्यांना सांगायला आमच्याकडे याहून ठळक आकडा नाही.

आपल्याकडे काय झालं? १९७० च्या पेटंट कायद्यानुसार औषधाच्या वस्तूवर पेटंट मिळत नसे, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. त्यामुळे दुसऱ्या पद्धतीनं तेच औषध बनवता येत असे. हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेतले डॉ. ए. व्ही. रामा राव यांच्या मदतीनं मुंबईच्या सिप्लानं १९९० नंतरच्या वर्षांत एझेडटी बनवलं. पण एकट्या एझेडटीचे दिवस तेव्हा संपत आले होते, आणि ते सरकारी योजनेतून देण्याइतका पैसा आणि इच्छा दोन्ही नव्हती. खरा बदल फेब्रुवारी २००१ मध्ये झाला. युसूफ हमीद यांनी जाहीर केलं की तीन औषधांचा वर्षाचा उपचार सीमापार डॉक्टर या संघटनेला साडेतीनशे डॉलरला देऊ. पाश्चात्त्य बाजारात तोच दहा हजारांच्या पुढे होता. त्या स्वस्त गोळीत एझेडटी नव्हतं. त्याच्या जागी स्टॅव्ह्युडीन होतं, कारण ते स्वस्त आणि रक्त न घटवणारं. त्यानं पुढे लोकांच्या गालांची चरबी गेली, हातापायांच्या नसा दुखावल्या, तो भाग निराळा.

१ एप्रिल २००४ पासून भारत सरकारनं मोफत एआरटी सुरू केली, पहिल्या काही केंद्रांमध्ये मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. तिथे डॉक्टरांसमोर एझेडटीचा प्रश्न अगदी घरगुती रूपात आला. आपल्या बायकांच्या अंगात रक्त आधीच कमी. मग ज्या औषधानं रक्त आणखी घटतं ते द्यायचं कसं? म्हणून आधी हिमोग्लोबिन पाहायचं, पुरेसं असेल तर एझेडटी, नाहीतर दुसरं. आम्ही मघाशी ज्याला ओलं इंधन म्हटलं, ते इथे एका छापील तक्त्यात उतरलं होतं, आणि गावाकडून आलेल्या बाईच्या बोटाला सुई टोचून तपासलं जात होतं. न्यायशास्त्राचं इतकं चांगलं उपयोजन आम्ही विद्यापीठात पाहिलेलं नाही. आता पहिल्या फळीच्या उपचारातून एझेडटी मागे गेलं आहे. टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडीन आणि डोल्युटेग्राव्हिर ही तिन्ही औषधं एका गोळीत, दिवसातून एकदा मिळतात.

आणि सध्या वर्तमानपत्रांत ज्याचं नाव येतं ते लेनाकापाव्हिर. ते उलट नकलेला नव्हे, विषाणूच्या कवचाला धरतं; सहा महिन्यांतून एकदा टोचायचं. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या तरुण स्त्रियांच्या प्रतिबंधक चाचणीत ते घेणाऱ्या २१३४ जणींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. तीही चाचणी वेळेआधी थांबवली. पण या वेळी प्लासिबो गट नव्हता. तुलनेतल्या बायकांना रोजच्या गोळ्या मिळत होत्या. १९८६ मधला पेच निदान तेवढा तरी सुटला. आता 'एचआयव्हीवर इंजेक्शन आलं' असं वाक्य आपण ऐकणार आहोत, ऐकतोच आहोत. तर ऐकताना एवढं विचारा : ज्यांना संसर्ग नाही त्यांच्यासाठी, की ज्यांना आहे त्यांच्यासाठी? कारण संसर्ग न झालेल्या शरीरात अब्जावधी विषाणू नसतात, तिथे एकटं औषध पुरतं. संसर्ग झालेल्यांना २०२२ पासून ते मान्य आहे, पण दुसऱ्या औषधांच्या सोबतीनंच. उपचाराच्या चाचणीत ज्यांची सोबतीची औषधं लागू पडत नव्हती किंवा नीट घेतली जात नव्हती, त्यांच्यापैकी काहींच्या विषाणूनं याही औषधाला चुकवायचं शिकून घेतलं. आणखी एक चिठ्ठी आली आहे, भावाबद्दल आहे. अमेरिकेत प्रतिबंधासाठी त्याचा वर्षाचा भाव अठ्ठावीस हजार डॉलर जाहीर झाला, आणि गरीब देशांसाठी २०२७ पासून चाळीस डॉलरला देण्याचे करार भारतीय कंपन्यांबरोबर झाले आहेत.